पेन्सिलीचे आकडे

सौंसरच्या विहारात रविवारी वंदना झाली की ज्याने पुस्तक वाचले असेल त्याने त्यावर चार शब्द बोलायचे, अशी पद्धत होती. पुस्तके विहारातल्याच कपाटात असत, प्रत्येकाची एकच प्रत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मी पांढुर्ण्याहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. रविवारी बसने सौंसरला जात असे.

त्या कपाटातली एक कादंबरी कोणी पुरी करत नव्हते. पहिल्याच प्रकरणात मुलगा मेलेला. पुढच्यात तो लग्नाला उभा, मग शाळेत, मग पुन्हा आईसमोर त्याचे प्रेत. मी ती छापील क्रमाने एकदा वाचली आणि गोंधळलो. मग पूर्वी नागपूरला त्याच दैनिकाच्या संपादकीय डेस्कवर असताना शिकलेले काम केले. विस्कळीत मजकूर आला की तिथे आम्ही परिच्छेदांना पेन्सिलीने आकडे टाकत असू. कंपोझिटर त्या क्रमाने छपाईचे खिळे जुळवी. मी प्रकरणांना तसेच आकडे टाकले, जन्मापासून मरणापर्यंत. पुस्तक परत करताना मला त्या कामाचा अभिमान वाटत होता.

माझ्यानंतर ते सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नेले. त्या वयाने माझ्याहून मोठ्या. या पुस्तकाची त्या बरेच दिवस वाट पाहत होत्या. वाचून झाल्यावर एका रविवारी बोलायला उभ्या राहिल्या.

"लोकं उगाच भेऊन राहिले होते या पुस्तकाले," त्या म्हणाल्या. "भाऊनं आकडे टाकून ठेवले, मी तसंच वाचत गेली. कठीण काहीच नाही. पोरगा जन्मते, मोठा होते, मरते. पर मले नाही आवडलं. शेवटी मयतच दाखवाची होती, त एवढं लिवलं कायले?"

"बातमी करून टाकली ना भाऊनं पुस्तकाची!" मागून एकजण बोलला. सगळे हसले. मीही हसलो.

छापील क्रमात शेवटचे प्रकरण मयतीचे नाही. त्यात मुलगा अगदी लहान आहे. आई बांधावरून जेवायला हाक मारते, तो संत्र्याच्या झाडाआडून "आलो" म्हणतो आणि पुस्तक संपते. मधले बरेच समजले नव्हते, तरी त्या शब्दापाशी मी रडलो होतो. नेमक्या त्याच प्रकरणावर मी दोनचा आकडा टाकला होता. नर्सबाईंनी ते सुरुवातीलाच वाचून पान उलटले. हा मुलगा मरणार, हे तेव्हा त्यांना ठाऊकही नव्हते.

मी उठून एवढेच म्हणालो, की आकडे टाकायला नको होते. बाई, छापल्याप्रमाणे पुन्हा एकदा वाचून पाहा.

"आता काय पाहू? सारं माहीत झालं ना." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुमी त पहिल्यांदा तसंच वाचलं होतं ना, भाऊ? काही वाटलं का शेवटी? रडू-बिडू आलं?"

विहारातली सगळी तोंडे माझ्याकडे वळली. मागचा तो अजून हसत होता.

"नाही," मी म्हणालो.

"मंग झालं त. माझं काही गेलं नाही," असे म्हणून नर्सबाईंनी पुस्तक बंद केले आणि समाधानाने खाली बसल्या.