बाई आणि मोसंबी

आमच्या पोरीच्या बाई मंठ्याहून एसटीनं गावच्या शाळेत येतात. खुर्चीत टेकल्या की आधी चपला काढतात. काही विचारलं, की दमलेल्या आवाजात उलट आपल्यालाच विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?"

पालकसभेत आमचे हे तडकले. "पाढे सोडून लेकरायलाच सवाल करून राह्यल्या तुम्ही. पोरीला इंग्रजी शाळेत टाकतो मी."

बाईंनी वाद घातला नाही. वर्गातल्या पाण्याच्या बादलीत एक मोसंबी सोडली, ती तरंगली. "आता सोलून टाकली तर?"

"हलकी झाल्यावर तरंगणारच की!" हे म्हणाले.

सोललेली मोसंबी तळाला गेली.

"असं कसं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

हे चिडून निघून गेले. बाई बादली ओतायला उठल्या. मी हळूच म्हणाले, "बाई, सांगून टाकायचं ना. किती दमता."

"दमते," त्या म्हणाल्या. "पण सांगून टाकलं की लेकरं गप बसतात, ताई."

चौथीपर्यंत मी गप बसूनच शिकले. घरी इंग्रजी शाळेचा विषय निघाला, तेव्हा मी म्हणाले, "मला वाटतं, पोरीला इथंच शिकू द्या."

सभेत त्या बुडालेल्या मोसंबीकडं पाहिलं होतं, तसंच हे माझ्याकडं पाहत राहिले.