जसंच्या तसं वाच

आमच्या टीमचे प्रमुख, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, कुणालाही बसून चूक वाचू देत नसत. प्रोग्राम पडला की पडद्यावर जे उमटलं असेल ते उभं राहून, मोठ्याने, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या त्या ऑफिसात चिनी, तमिळ, मराठी सगळेच उभे राहिले. मी जरा जास्तच. चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. सरांनी माझं नावच 'तालुका' ठेवलं होतं. "उभा राहा, तालुका. तुला काय वाटतं ते नको. समोरून काय उत्तर आलंय ते वाच. जसंच्या तसं."

'आर' या संख्याशास्त्राच्या भाषेतून आम्ही रोज सकाळी एका ऑनलाइन सेवेला विनंती पाठवायचो. ती चलनांचे दर द्यायची, त्यावर आमचा रिपोर्ट निघायचा. विनंती कशी लिहायची, उत्तर कसं उलगडायचं, हे मला सरांनीच शिकवलं. विनंती फसली की सेवा कारणाचा आकडा पाठवते; एकदा चिडून त्यांनी बोर्डावर असे तीन आकडे लिहिले. "चारशेचार म्हणजे ती वस्तूच तिथे नाही. पाचशेतीन म्हणजे आत्ता नाही, थांब आणि परत विचार. चारशेतीन म्हणजे वस्तू आहे, पण तुला मिळणार नाही. त्यानंतरही विचारत राहतो तो गाढव." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे कोण रे, तालुका?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते आकडे पुन्हा कधी विसरलो नाही.

प्रशांत माझ्या शेजारी बसायचा. पुण्याचा, हुशार, बोलका. उभं राहून वाचायला लागू नये म्हणून त्याने एक युक्ती केली होती : विनंती फसली तर प्रोग्रामने गप्प बसायचं आणि आदल्या दिवसाचे दर वापरायचे. पुढे सेवेचा पत्ता बदलला. रिपोर्ट रोज निघत राहिला, जुन्याच दरांवर. आठवड्याने सरांना त्याचा वास लागला.

"सर, रिपोर्ट थांबला असता तर तुम्हीच ओरडला असतात," प्रशांत म्हणाला.

"ओरडलो असतो. रिकामा रिपोर्ट निदान खोटं बोलत नाही. वाच."

दडपलेली चूक प्रशांतने वाचली. "परत." पुन्हा वाचली. "परत." त्याचा आवाज फाटला, तेव्हा लिम नावाचे वयस्क सहकारी न राहवून म्हणाले, "Enough lah." सर थांबले नाहीत. प्रशांतच्या पासचं, म्हणजे तिथे राहून काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण त्याच महिन्यात होतं आणि त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. सरांना दोन्ही ठाऊक होतं. त्यांनी शिफारस केली नाही आणि पास गेला. बुकित पंजांगचा भाड्याचा फ्लॅट सोडून ती दोघं पुण्याला परतली.

काही वर्षांनी प्रशांत दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर सिंगापूरला आला. मग मंदी आली आणि सरांची नोकरी गेली. सरही पासवरच होते. दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडावा लागणार, आणि मुलीचं शाळेतलं शेवटचं वर्ष चालू होतं. पासिर रिसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गजबजलेल्या मंडईत, त्यांनी मला बोलावलं. "प्रशांतकडे जागा आहे म्हणे. विचारशील?"

मी तिथूनच प्रशांतला मेसेज केला. समोर दोन कप चहा होता. उत्तर लगेच आलं.

"जागा भरली म्हणतोय, सर," मी म्हणालो.

सरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "उभा राहा, तालुका. जसंच्या तसं."

आजूबाजूला लोक जेवत होते. मी उभा राहिलो आणि वाचलं, "जागा आहे. हेडसरांसाठी नाही. हे त्यांना उभं राहून वाचून दाखव."

सरांनी माझा कप माझ्याकडे सरकवला.

"मी पुन्हा विचारतो, सर. थोडे दिवस जाऊ देत."

"तुला बोर्डावर लिहून शिकवलं होतं ना?" ते म्हणाले. "बस खाली. चहा निवतोय."

मुलीची परीक्षा व्हायच्या आत ते नागपूरला गेले. त्यांचा फोन कधी आला नाही, मीही केला नाही. माझं घर आजही त्यांच्या शिकवणीवर चालतं. माझ्या प्रोग्रामला पाचशेतीन मिळालं तर तो थांबून पुन्हा विचारतो. चारशेतीन मिळालं की तो तिथेच बंद पडतो. समोरून आलेलं उत्तर तेवढं जसंच्या तसं छापतो.