संशयाचा फायदा

"तू आरोपी हो. तुला फार पाठ करावं लागणार नाही."

सरांनी हातातल्या कागदावरनं मान न उचलताच सांगितलं. वर्ग हसला. मोठ्यानं नाही. वकिलांची पोरं मोठ्यानं हसत नाहीत.

नांदेडच्या एका लॉ कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होते. सर फौजदारी कायदा शिकवायचे. त्या दिवशी वर्गात खोटं कोर्ट भरवायचं होतं. अभिरूप न्यायालय. एका बड्या वकिलाचा मुलगा न्यायाधीश झाला. कुणी सरकारी वकील, कुणी बचावाचा वकील, कुणी फौजदार. सगळं वाटून झालं, मी राहिले. माझा गुन्हा असा की दुष्काळी कामाच्या गोदामातनं मी ज्वारी चोरली.

दोन बाकं आडवी लावून सरांनी पिंजरा केला.

"डोक्यावर पदर घे. खाली बघ. हां. बघा रे, किती नैसर्गिक!"

मला एकच वाक्य होतं. बाकी सगळ्यांची वाक्यं पुस्तकी मराठीत लिहिलेली. माझं तेवढं सरांनी आमच्या बोलीत लिहिलं होतं. खोट्या न्यायाधीशानं विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" आणि मी म्हणाले, "व्हय सायब, चुकी झाली."

बचावाच्या वकिलाला उठायचं कामच पडलं नाही. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "हिला शिकवावं लागलं नाही. उपजत आहे."

उपजत. मी तो शब्द घेऊन घरी गेले. घर म्हणजे मामाचं. मामा रेल्वेत खलाशी. त्यानं विचारलं, "काय शिकलीस आज?" मी म्हणाले, "कोर्ट." तो खूश झाला. त्याला तेवढंच पाहिजे होतं. लातूर नवा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नवी कोर्टं. मामा सगळ्यांना सांगायचा, "आता जागा निघतेत. आपली पोरगी कोर्टात चिटकली की झालं." मलाही तेवढंच पाहिजे होतं. खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार. न्यायबिय माझ्या डोक्यात नव्हता. खरं तेच सांगते.

उन्हाळ्यात गावी आले. आमचं गाव लातूरच्या दक्षिणेला. आजानं छप्पन्न सालानंतर बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून आमच्या बौद्धवाड्यात कुणी मेलेलं जनावर ओढत नव्हतं. वडील मी शाळेत असतानाच वारले. माय एकटी. आणि त्या वर्षी दुष्काळ. विहिरीच्या तळाला भेगा. ज्वारी कणसात आलीच नाही. अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. आमचा वाडा आधीपासून होताच, आता शेतवाले पण आले. त्यांच्या बाया तोंडावर पदर ओढून यायच्या, कुणी ओळखू नये म्हणून. मी पण मायशेजारी बसून खडी फोडायला लागले.

कामावर पाण्याची दोन पिंपं होती. एक लिंबाखाली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. ते त्यांचं. एक उन्हात. ते आमचं. दोन्ही पिंपं सरकारी. दोन्हीत पाणी एकाच टँकरचं. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. गरजच नव्हती.

द्वारकाबाई आमच्या पलीकडं बसायची. कोरडवाहू जमिनीवाल्याची बायको. कामावरच्या मुकादमाच्या भावकीतली. पोटुशी होती. एका दुपारी हातोडी तिच्या हातातनं गळली आणि ती तशीच खडीवर आडवी झाली. डोळे पांढरे. तिच्या बाया लांब होत्या, ढिगाच्या पल्याड. माय उठली. उन्हातल्या पिंपात पाणी नव्हतं, सकाळीच संपलेलं. माय लिंबाखाली गेली. गोणपाट बाजूला केलं. तांब्या बुडवला. द्वारकाबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडात पाणी सोडलं.

बाईनं डोळे उघडले. गटागटा प्याली. मायचा हात धरून प्याली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मुकादम आला. त्याच्या हातात ढिगाऱ्याचं माप घ्यायची काठी होती. "कुणी हात घातला पाण्यात?" मायच्या हातातला तांब्या अजून ओला होता. त्यानं जातीवरनं शिवी दिली. पुढं मी ती फिर्यादीत शब्दाला शब्द लिहिली, इथं लिहीत नाही. मग काठी मारली. मायनं हात आडवा धरला. मनगटाचा आवाज आला. वाळलेली तुरकाटी मोडल्यासारखा.

लातूरच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. हाड मोडल्याचा दाखला दिला. तो दाखला घेऊन मी मायला ठाण्यात नेलं. जमादार पंख्याखाली बसला होता. आम्हाला पायरीवर बसवलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पडली असशील, म्हातारे."

"न्हाई जमादारसाब, मारलं."

"कुणी?"

मायनं नाव सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

मी पायरीवरनं उठले. म्हणाले, हाड मोडलंय, म्हणजे जबर दुखापत. दखलपात्र गुन्हा आहे. तुम्हाला लिहून घ्यावाच लागतो.

तो हसला. "वकीलीणबाई! ठाण्यात कायदा म्या सांगतो. तू खाली बस."

मी बसले नाही. पण त्यानं लिहिलं पण नाही. आम्ही घरी आलो. आणि आठवड्याच्या आत पोलीस आमच्या दारात. मुकादमानं फिर्याद दिली होती. मायनं कामावरचा सरकारी टिकाव चोरला. चोरून पळताना पडली, हात मोडला. टिकाव आमच्या उकिरड्यात सापडला म्हणे. पंचनाम्यावर मुकादमाच्याच गड्यांच्या सह्या.

माय प्लास्टरचा हात घेऊन पोलिसाच्या मागं चालत गेली. वाड्यातली पोरं बघत होती. जामीन झाला. परत येताना तिनं एवढंच विचारलं, "म्या काय चोरलं म्हणून लिवलंय?"

"टिकाव."

"टिकाव?" ती थांबली. "पाणी म्हणले असते तर म्या व्हय म्हणले असते, माय."

मला सर आठवले. लाज वाटते सांगायला, पण आठवले. वर्ष संपताच ते नांदेड सोडून लातूरला आले होते. नवी कोर्टं, नवे पक्षकार. मला वाटलं, माझे शिक्षक आहेत. त्यांच्या वर्गातली मी. मदत करतील.

डाळ मिलच्या रस्त्यावर त्यांचं ऑफिस होतं. मी आत गेले तर मुकादमाचा थोरला भाऊ खुर्चीत बसून चहा पीत होता. सर म्हणाले, "ये, ये. बरं झालं तूच आलीस. मी निरोप पाठवणारच होतो." मला कुणी बस म्हणालं नाही.

सरांनी सगळं समजावून सांगितलं. अगदी वर्गात सांगायचे तसं. आवाज मऊ. "बघ, आईला कबूल म्हणायला सांग. पहिला गुन्हा आहे, वयस्कर बाई आहे. कोर्ट समज देऊन सोडेल. हे लोक पुढं ताणणार नाहीत. तुम्ही मारहाणीचं काढू नका. विषय संपला."

"पण सर, तिनं चोरी केली नाही."

"तो प्रश्न कुठं आहे? तुला उद्या सरकारी नोकरी करायची आहे. घरात खटला चालू असलेला बरा दिसतो का? मी तुझ्या भल्याचं सांगतो. आणि तुमच्या लोकांना एवढ्या तेवढ्यानं काय फरक पडतो?"

मुकादमाचा भाऊ बशीत चहा ओतत म्हणाला, "पोरगी हुशार हाय. समजंल तिला."

मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता. रागात आवाज चढतो, माझा चढला नाही. एवढंच कळलं की या माणसानं मला वर्गात जे बोलायला लावलं, तेच तो आता माझ्या मायकडनं खऱ्या कोर्टात बोलवून घेणार. माझ्या तोंडून तिच्या तोंडात घालणार. आणि मी एकदा ते बोलले होते. टाळ्या घेतल्या होत्या.

"न्हाई, सर," मी म्हणाले. माझ्या बोलीत. "माय कबूल म्हणणार न्हाई. आन् मारहाणीची फिर्याद आमी मॅजिस्ट्रेटसमोर करणार. ठाण्यानं घेतली न्हाई तर सरळ कोर्टात करता येती. तुमीच शिकवलंय."

सरांचा चेहरा बदलला. "कुठला वकील देशील?"

"बघू."

खरंच वकील मिळाला नाही. लातूरच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबलं मांडून बसलेल्या सगळ्यांना विचारलं. गावाचं नाव ऐकलं की काम आहे म्हणायचे. मग मीच लिहिली फिर्याद. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून. नागरी हक्क संरक्षणाचा कायदा तिथं धूळ खात पडलेला. आम्हाला तो वर्गात शिकवलाच नव्हता. परीक्षेला येत नाही म्हणून. पिण्याच्या पाण्यावरनं अडवणं गुन्हा आहे, हे मी त्या ग्रंथालयात पहिल्यांदा वाचलं. जन्मभर ज्याच्यावरनं मार खाल्ला, त्याला कलम होतं.

तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं मायला विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

माय पदर सारखा करून उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही. "न्हाई सायब. म्या पाणी पाजलं. टिकावाचं मला ठावं न्हाई."

दोन खटले उभे राहिले. एक माझ्या मायवर, एक मुकादमावर. तारखा पडत गेल्या. पाऊस आला, गेला. दुष्काळी काम बंद झालं. मायला सरकारी खर्चानं एक नवखा वकील मिळाला, तो घाबरत घाबरत पण दोन्ही खटल्यांत नीट लढला. मुकादमाकडनं सर. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. माझीच. "तुम्ही आरोपीवर सूड घ्यायला कायदा शिकता, हे खरं आहे ना?" मी म्हणाले, "आधी नोकरीसाठी शिकत होते." ते म्हणाले, "हो की नाही एवढंच सांगा."

द्वारकाबाईला साक्षीला बोलावलं होतं. ती कडेवर लेकरू घेऊन आली. तेच लेकरू, जे त्या दुपारी पोटात होतं. पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेतली. आमच्या बाजूनं प्रश्न आला, त्या दिवशी पाणी कुणी पाजलं?

लेकरू तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं.

"मला चक्कर आली होती. मला काई आठवत न्हाई."

सर खाली बसले. त्यांना एक पण प्रश्न विचारायची गरज पडली नाही.

बाहेर पायरीवर ती मायपाशी आली. आजूबाजूला बघितलं. म्हणाली, "मावशे, मला त्याच घरात राहायचंय."

माय म्हणाली, "जा बाय. लेकराला ऊन लागलं."

मी मायवर ओरडले. एवढंच बोलायचं होतं तुला? तिनं खोटं सांगितलं, तू तिला ऊन लागलं म्हणतेस? माय वाकडं जुळलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत बसली. द्वारकाबाईला मी अजून माफ केलेलं नाही. पण ती खोटं का बोलली ते मला माहीत आहे, आणि ज्यांनी तिला बोलायला लावलं ते कोर्टात कुठंच नव्हते, ते घरात बसून होते.

दोन्ही निकाल एकाच दुपारी लागले. तोवर माझ्या हातात वकिलीची सनद आली होती. मायला चोरीतनं सोडलं. पंच विश्वासार्ह नाहीत, म्हणून संशयाचा फायदा. मुकादमाला मारहाणीतनं, पाणी अडवल्याच्या कलमातनंही सोडलं. फिर्यादीशिवाय साक्षीदार एकच, ती फिर्यादीची मुलगी, हितसंबंध असलेली, म्हणून संशयाचा फायदा.

एकच शब्द. दोघांना. जिनं पाणी पाजलं तिला आणि ज्यानं हात मोडला त्याला. एकाच मापानं.

मामा नांदेडहून आला होता. तो पेढे घेऊन आला. "सुटली ना! आता झालं." वाड्यातली माणसं पण म्हणाली, सुटली. सर कोर्टाच्या आवारात भेटले. मोठ्या मनानं म्हणाले, "झालं गेलं सोड. तुझ्यात पाणी आहे. माझ्याकडं ज्युनियर म्हणून ये. बायकांच्या केसेस तू बघ."

"मी सरकारी वकिलाच्या जागेसाठी अर्ज करणार आहे, सर."

"म्हणजे माझ्याविरुद्ध उभी राहणार?" ते हसले.

"तुमच्याविरुद्ध न्हाई. तुमचा पक्षकार जो असंल त्याच्याविरुद्ध. समोर तुमी असलात तर तुमी."

ते गेले. मी नक्कल विभागात जाऊन दोन्ही निकालांच्या नकला मागितल्या. कारकून म्हणाला, "सुटलात की बाई, नक्कल कशाला?"

मुकादमाच्या सुटकेवर हायकोर्टात जायचं होतं. औरंगाबादला खंडपीठ बसायला लागलं होतं. आधी परवानगी मागावी लागते, मग अपील. मी साक्षीदार, म्हणून मला त्यात उभं राहता येत नव्हतं. तिथं वकील शोधायचा होता. लातूरला मिळाला नाही, तिथं मिळेल का, माहीत नव्हतं.

नकला हातात आल्यावर एस.टी. स्टँडवर माय माझ्याशेजारी बसली होती. गाडीला वेळ होता.

"कामून करायलीस तू हे?" तिनं विचारलं. "माझा हात काय सरळ व्हणार हाय?"

"न्हाई व्हणार."

"आन् तितंबी त्यांनी न्हाईच म्हणलं तर?"

"तर त्यांनी न्हाई म्हणलं, हे त्यांच्या सहीनं लिहून घेऊ. ठाण्यातल्यासारखं तोंडी न्हाई. कागदावर. कारणासकट."

मायला पटलं का नाही, कळलं नाही. ती मनगट चोळत राहिली.

मला तिच्यासाठी संशयाचा फायदा नको होता. तिच्यावर संशय कुणाला होता? मुकादमाला नव्हता, सरांना नव्हता, त्या गड्यांना नव्हता. सगळ्यांना खरं माहीत होतं. ते खरं कोर्टाच्या कागदावर आलं पाहिजे. या अपिलात आलं नाही तर पुढच्या कुणाच्या तरी खटल्यात. मी आयुष्यभर फौजदारीच करणार. आणि माझ्यासमोर पिंजऱ्यात जो माणूस उभा राहील, त्याच्या तोंडात मी माझं वाक्य घालणार नाही. तो बोलेल ते लिहून घेईन. तो गप्प राहिला तर कुणी गप्प केलं, ते विचारीन.

औरंगाबादची गाडी लागली. मी मायचा हात धरला आणि चढले.