खिळा नको

माझ्या सासूबाई गच्चीवर नागलीचे पापड वाळत घालताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर. पापड गंगापूर रोडला हवे तेवढे विकत मिळतात, हे दहा वेळा सांगितलं होतं. पण ऐकतील तर शपथ!

तरुण डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हाडाचे तुकडे सरकलेत, नुसतं पडून राहून नीट जुळायचे नाहीत. मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालू आणि दुसऱ्या दिवशी उभं करू, म्हणाले. एवढ्या सगळ्यातून सासूबाईंनी एकच शब्द उचलला, खिळा. तोंड भिंतीकडे फिरवलं. नको म्हणजे नको.

कारण सुरगाण्याला त्यांची आई अशीच पडली होती. अंथरुणाला खिळली, ती पुन्हा उठलीच नाही. तेव्हापासून ‘खिळणं’ हा शब्दसुद्धा सासूबाईंना ऐकवत नाही. आता तर डॉक्टर खुद्द खिळाच घेऊन आलेले! माझा नवरा समजावून थकला, नणंद फोनवर रडून थकली. दोघंही आईपुढे अगदी शेळपट. डॉक्टर बजावत होते, उशीर कराल तितकं वाईट. दुपारपर्यंत माझं डोकं सटकलं.

“आई, खिळा घातला नाही तरच खिळाल,” मी म्हटलं. “हाड खिळवायचंय, तुम्हाला नाही.”

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग हळूच म्हणाल्या, “माझ्या आईचं हगणंमुतणं मी वर्षभर काढलंय. तुझ्यावर ती पाळी नको.”

तीस वर्षं आम्ही दोघी भाजीतल्या मिठापासून खिडकीच्या पडद्यापर्यंत सगळ्यावरून भांडलोय. बाई मनात हे धरून बसली असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. भरून आलं मला. पण तोंडानं मी एवढंच म्हटलं, मग घ्या की खिळा. त्यांनी मान डोलावली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या, डॉक्टरांपासून वॉकरपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत. तिसऱ्या दिवशी आयाबाई बेडपॅन घेऊन आली, तर तिला तसंच परत धाडलं. संडास दहा पावलांवर. तेवढ्याला पाव तास लागला. मी आपली हात पसरून मागे मागे. दाराशी पोचल्यावर मीही आत शिरायला लागले.

“तू बाहेर थांब,” त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडावर दार लोटलं.

मी तिथेच उभी राहून रडले. आयाबाईला वाटलं, सासू-सुनेचं वाजलं.