आत न सोडणारे साडू

दुर्ग ते रायपूर या पट्ट्यात जितकी माणसे राहतात त्यांतला सर्वांत निरुपयोगी सावध माणूस माझ्या नात्यात आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. हे मी रागाने म्हणत नाही. नंदिनीच्या खाणीतून निघणाऱ्या चुनखडीच्या वॅगनी मोजण्यात मी सव्वीस वर्षे घालवली आहेत. मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. साडू आमच्याकडे स्मृति नगरला जेवायला आले, की कुकरची शेवटची शिट्टी होईपर्यंत अंगणात उभे राहतात. जून असो, पाऊस असो, अंगणातच. एकदा मी म्हणालो, "भाऊजी, आत या, शेजारी काय म्हणतील?" तर म्हणाले, "फुटणारा कुकर पाव्हणा पाहत नाही." वर्ध्याला त्यांच्या पुतणीचे लग्न होते, तेव्हा सगळे अक्षता मुठीत धरून उभे आणि हे गृहस्थ मांडवाचा एकेक खांब हलवून पाहत फिरत होते. बाराव्या खांबाने थोडी हालचाल दाखवली. झाले. वर, वधू, अंतरपाट आणि भटजी यांना सहा फूट डावीकडे सरकवण्यात आले आणि मुहूर्त नऊ मिनिटांनी टळला. तो मांडव दुसऱ्या दिवशी सोडेपर्यंत जसाच्या तसा उभा होता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

साडू पोलाद कारखान्याच्या सेफ्टी विभागातून निवृत्त झाले. चौतीस वर्षे नोकरी केली. आपल्या नोकरीबद्दल ते एकच वाक्य बोलतात: "माझ्या शॉपमध्ये चौतीस वर्षांत कोनाचं बोट नाही गेलं." शॉप म्हणजे कारखान्यातले यंत्रांचे खाते. दुसरे लोक आपण काय केले ते सांगतात, जे घडलेच नाही त्याचे श्रेय घेणारा हा एकच माणूस मी पाहिला. निवृत्तीनंतर त्यांनी घरच्यांना किती सुरक्षित केले याची मोजदाद माझ्या मेहुणीने ठेवली नाही, पण मरोद्याच्या पलीकडे रायफल क्लबची रेंज आहे, तिथल्या कमिटीने त्यांना मानद इन्चार्ज केले तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. साखर घरात वाटली गेली. त्रास आम्हा मेंबर लोकांच्या वाट्याला आला.

माझा आणि बंदुकीचा संबंध येण्याचे कारण नव्हते. पण माझी मुलगी कॉलेजात एनसीसीत गेली, तिथे तिने रायफल हातात घेतली आणि तिचा नेम चांगला निघाला. राज्याच्या निवडीला सात आठवडे होते. सराव क्लबच्या रेंजवरच होणार होता, आणि क्लबचा नियम असा, की अठरा वर्षांखालच्या मुलांना मेंबर असलेल्या पालकाच्या जबाबदारीवरच गोळी चालवता येते. मुलगी सतराची. म्हणजे मला मेंबर होणे भाग होते. अर्ज, पोलिसांची पडताळणी, डॉक्टरचा दाखला, हे सगळे अकरा दिवसांत झाले. राहिली शेवटची गोष्ट: इन्चार्जने नव्या मेंबरला शिकवून "आत सोडण्यास हरकत नाही" असे लिहून देणे. ही शिकवणी सहा दिवसांची असते. मला वाटले, आपले तर घरचेच काम. बायकोही म्हणाली, "भाऊजीले सांगून देते मी, दोन दिवसांत करून टाकतील." साडूंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाकीच्याले सहा. तू नात्यातला आहेस, तुले आठ."

पहिले दोन दिवस मी फाटकाच्या आत पाऊल टाकले नाही. फाटकाबाहेर उभे राहून लाल झेंडा, म्हणजे गोळीबार चालू असल्याची खूण, वर असताना काय करायचे, खाली असताना काय करायचे आणि झेंडा दिसतच नसेल तर काय करायचे, हे मी शिकलो. तिन्हींचे उत्तर एकच होते: उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी मला आत घेऊन हातात फावड्याचा दांडा देण्यात आला. ही रायफल समजायची. तोंड कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे, बोट घोड्याबाहेर, दुसऱ्याच्या हाती देण्याआधी बोल्ट, म्हणजे गोळी भरायची खिट्टी, उघडा. पन्नाशीला टेकलेला मी, खाणीत चाळीस माणसे ज्याला साहेब म्हणतात, भर उन्हात दांड्याचा नसलेला बोल्ट उघडत होतो. इतक्यात मागून कोणीतरी हाक मारली आणि मी दांड्यासकट वळलो. साडू छातीवर हात ठेवून जागच्या जागी थांबले.

"मारलंस मले."

"भाऊजी, हा दांडा आहे."

"मेलेल्या मानसाले सांगून काय फायदा?" असे म्हणून त्यांनी माझ्या नावापुढे फुली मारली आणि तिसरा दिवस पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावला. आठाचे नऊ दिवस झाले.

पण या सगळ्यावर ताण होती ती टोकनची पद्धत. कारखान्यात एखाद्या यंत्राच्या आत शिरायचे तर शटडाऊन घेतात. जो आत जाईल तो आपले टोकन बोर्डावर लटकवतो, आणि बोर्डावर टोकन आहे तोवर यंत्र सुरू होत नाही. ज्याचे टोकन त्यानेच काढायचे, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो जनरल मॅनेजर का असेना. साडूंनी ही पद्धत जशीच्या तशी रेंजवर आणली. टार्गेट बदलायला फायरिंग लाइनच्या पुढे जायचे तर आपले पितळी टोकन लाल बोर्डावर लटकवायचे, परत आल्यावर स्वतः काढायचे, आणि बोर्ड रिकामा झाल्याशिवाय एकही गोळी नाही. टार्गेट पन्नास मीटरवर. मधे गवताची काडी नाही, झाड नाही, तीळ पडला तरी दिसेल. तरीही दर खेपेला साडू बोर्डासमोर उभे राहून "बोर्ड खाली", म्हणजे रिकामा, असे मोठ्याने सांगत. मी घड्याळ लावून मोजले: तासाभरात एकोणीस मिनिटे या बोर्डापायी जात. मी आकडा दाखवला. ते म्हणाले, "एकोनीस? मले वाटलं पंधरा असतील. चांगलं हाय."

मला तेवीस नंबरचे टोकन मिळाले आणि मुलीचा सराव सुरू झाला. एवढे मात्र मान्य करतो, की तिचा नेम दर आठवड्याला सुधारत होता. साठ गोळ्यांना सहाशे गुण असतात. ती पाचशे सत्तरवर आली होती, आणि निवडीला पाचशे ऐंशी तरी हवे होते. निवडीला पंधरा दिवस उरले असताना एका शनिवारी दुपारी मी तिचे टार्गेट लावून परत आलो, तोच बायकोचा फोन आला. आम्हाला नागपूरला भाच्याच्या साखरपुड्याला जायचे होते आणि गाडी, जी कधीच वेळेवर नसते, ती वेळेवर होती. बायको दुर्ग स्टेशनवर बॅगा घेऊन उभी. मी धावलो. मुलगी मावशीकडे राहणार होती, तिची जबाबदारी दोन दिवसांपुरती एका मेंबर बाईंवर लिहून दिली होती; तो कागद मी विसरलो नाही. टोकन विसरलो.

गाडीने डोंगरगड सोडले तेव्हा मुलीचा फोन आला. "बाबा, रेंज बंद आहे. मावसाजी म्हणून राहिले की तुम्ही अभी भी टार्गेटजवळ आहात."

"मी गोंदियाच्या अलीकडे आहे."

"मुझे पता है बाबा. बोर्डाला पता नाही."

मी साडूंना फोनवर घेतले. म्हणालो, भाऊजी, मी स्वतः सांगतो आहे, माझे टोकन काढा. ते शांतपणे म्हणाले, "हा आवाज हाय. आवाज तर बांधामागूनही येते. तू ये अन् काढ." मी म्हणालो, तुम्हाला समोर कोणी दिसते आहे का? "दिसत नाही म्हनूनच तर बोर्ड हाय," म्हणाले, आणि फोन ठेवला. शनिवारची दुपार गेली. रविवारी सतरा मेंबर आले आणि सतरा मेंबर परत गेले. सोमवारी सकाळी मी गाडीतून उतरून तोंडसुद्धा न धुता रेंजवर गेलो, टोकन काढले आणि सगळ्यांदेखत साडूंना बोललो. तुमच्या शॉपमध्ये बोट गेले नाही कारण तुम्ही कोणाला काम करूच दिले नसेल, असेही बोललो. त्यांनी बोर्डाकडे पाहिले, "बोर्ड खाली" असे मोठ्याने सांगितले आणि झेंडा चढवायला गेले.

त्याच दिवशी क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांनी साडूंना काढण्याचा अर्ज लिहून आणला. म्हणाले, "आप पहले साइन कीजिए. आप साढ़ू हैं. नहीं तो लोग कहेंगे किसी की पर्सनल खुन्नस है." मी अर्ज दोनदा वाचला. त्यातले सगळे आकडे खरे होते. एकोणीस मिनिटांचा आकडा तर माझाच होता. मी पहिली सही केली. बुधवारी कमिटीने साडूंना विश्रांती घ्यायची विनंती केली. त्यांनी किल्ल्या मोजून दिल्या, पावती घेतली आणि इन्चार्ज नाही तर मेंबर तरी कशाला, म्हणून मेंबरशिपचाही राजीनामा दिला. मेहुणीचा त्या रात्री माझ्या बायकोला फोन आला. काय बोलणे झाले ते मला कळले नाही, पण वाढताना बायकोने ताट जरा जोरात ठेवले.

गुरुवारपासून रेंज मोकळी झाली. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला. कोणी पुढे गेले तर ओरडून सांगायचे, परत आले की हात वर करायचा. तासाला एकोणीस मिनिटे वाचू लागली. मुलीने गुरुवारी पाचशे एकसष्ट केले. शुक्रवारी पाचशे अठ्ठावन्न. शनिवारी पाचशे बावन्न. मी तिच्या मागे उभा राहून पाहत होतो. पूर्वी ती पडून रायफल खांद्याला लावली की दहा गोळ्या होईपर्यंत मान उचलत नसे. आता दर गोळीनंतर मान वर करून समोर पाहत होती. मी विचारले, काय पाहतेस?

"कोणी आहे का ते."

"कोणी नाही. मी पाहतो आहे."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि पुढच्या गोळीनंतर पुन्हा तिने मान वर केली.

रविवारी तिघे जण टार्गेट बदलायला गेले. परत येताना मी दोनच मोजले आणि सगळ्या शक्तीने "थांबा" म्हणून ओरडलो. लाइनवरच्या नऊ जणांनी रायफली खाली ठेवल्या. तिसरा माणूस बाजूच्या वाटेने केव्हाच येऊन माझ्या मागे पाणी पीत होता. खूप हसले सगळे. डॉक्टर म्हणाले, "खून का असर है भाई." साडूंचे आणि माझे रक्ताचे नाते नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. मी माणसे मोजली नव्हती, डोकी मोजली होती. त्यात फरक आहे हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या सकाळी कळले. मुलीने बोल्ट उघडला, रायफल ठेवली आणि म्हणाली, आज नाही होत. निवडीला सात दिवस होते.

मी घाम पुसत फाटकाकडे वळलो, तर बाहेर रस्त्याच्या कडेला साडू उभे. हातात सायकल. कधीपासून होते कोण जाणे. रविवारी सकाळी दुसरीकडे कुठे जायचे असते हे त्यांच्या सायकलीला माहीत नव्हते, आणि त्यांनाही नसावे. मी फाटक उघडून म्हणालो, "भाऊजी, या ना. पोरगी गोळी मारायला तयार नाही."

"कसा येऊ? मेंबर नाही मी आता."

"मी मेंबर आहे. मेंबरला एक पाहुणा आणता येतो."

"रजिस्टरात लिव मग," ते म्हणाले. मी लिहिले. नाव, वेळ, कोणाचा पाहुणा. त्यांनी सही केली आणि तरीही उंबऱ्याबाहेरच थांबले. "पाव्हण्याले आत घेण्याआधी सांगा लागते सगळं. सांग. सावकाश सांग, मी नवा हाय."

मी सांगितले. झेंडा, फायरिंग लाइनमागची पिवळी रेघ ओलांडायची नाही, कोणत्याही रायफलीला हात लावायचा नाही, हाक आली तरी जागेवरून वळायचे नाही. सहा मिनिटे लागली. बाकीचे मेंबर पाहत होते, पण हसले कोणी नाही. साडूंनी मधे एकदाही तोंड घातले नाही. शाळेतल्या मुलासारखे ऐकत राहिले. अर्जावर पहिली सही कोणाची हे त्यांना ठाऊक होते. न वाचता कोणताही कागद घेणारा तो माणूस नव्हे.

मग आत येऊन ते रेघेच्या मागे थांबले आणि मला विचारले, "पुढे कोनी नाही ना?"

"नाही."

"मोजलंस?"

मी पुन्हा मोजले. या वेळी माणसे मोजली, एकेकाचे नाव घेऊन, बाजूच्या वाटेपर्यंत जाऊन. परत येऊन सांगितले, कोणी नाही. मला वाटले होते ते आता स्वतः जाऊन पाहतील. ते गेले नाहीत. भिंतीजवळच्या बाकावर बसले. इतक्या आठवड्यांत रेंजवर मी त्यांना बसलेले कधी पाहिले नव्हते. बसल्यावर ते लहान दिसले, आणि बरेच म्हातारे. मुलीने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिले, पडून रायफल खांद्याला लावली, आणि दहा गोळ्या होईपर्यंत तिने मान वर केली नाही.