नांगलवासचे कृष्णात मास्तर

कृष्णात इंगवले फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण खटावला परत गेले नाहीत. दिल्लीत पालमला दोन खोल्या घेऊन बायको द्वारकाबाईंबरोबर राहिले आणि गुडगावच्या एका कारखान्याच्या दारावर पहारा करू लागले. मी तेव्हा आर. के. पुरमला राहत होतो, सरकारच्या क्रीडा खात्यात कारकून होतो. गणेशोत्सवात आमची ओळख झाली. ते बोलत, मी ऐकत असे. त्यांच्याबद्दल कोणी चांगलं लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. मी आपला जमेल तसं सांगतो.

कारखान्यातल्या एका सोबत्याच्या घरी लग्न होतं, म्हणून मास्तर मेवातातल्या नांगलवासला गेले. गुडगावच्या पुढे, अरवलीच्या उजाड टेकडीखाली हे गाव. मांडवात पंगत बसली होती आणि समोरच्या कडुनिंबावर चार-पाच मुली शेळ्यांसाठी पाला तोडत होत्या. फांदी पायाच्या बोटांत धरून त्या उलट्या लोंबकळायच्या आणि वर खिदळायच्या. मास्तरांचं जेवणातलं लक्षच उडालं.

"साहेब, ती बोटं नव्हं, पकडी होत्या पकडी!" मला सांगताना त्यांनी स्वतःची बोटं चहाच्या टेबलावर वाकवून दाखवली.

पुढच्याच रविवारी ते दोन बसा बदलून पुन्हा गेले. शिसवीचा खांब तासून घेतला, मशिदीमागच्या मोकळ्या जागेत पुरला, एरंडेल चोळलं आणि लहानपणी खटावच्या तालमीत शिकलेला मल्लखांब मुलींना शिकवायला सुरुवात केली. दोन वर्षं दर रविवारी हे चाललं.

मग सरकारने मागास तालुक्यांतल्या मुलामुलींसाठी खेळांची केंद्रं काढायची योजना आणली. तालुक्यात एक गाव, एक खेळ, आणि तिथेच राहणारा एक पगारी शिक्षक. नांगलवासचा अर्ज आमच्याच टेबलावर आला. केंद्र मिळालं तर मास्तरांना पहाऱ्याची नोकरी सोडून गावातच राहता येणार होतं. नाही मिळालं तर दुसऱ्या गावाला कबड्डी मिळणार, आणि नांगलवासच्या मुलींना फक्त रविवार. पाहणीला आमच्या उपसचिव विजयालक्ष्मी मॅडम स्वतः यायच्या होत्या.

मास्तरांनी आपला जुना पलटणीतला सोबती धोंडीराम याला आदल्या दिवशी पुढे पाठवलं होतं. "जरा साफसफाई करून ठेव, उद्या इन्स्पेक्शन आहे," एवढंच सांगून. मी आणि मास्तर सकाळी पहिल्या बसने पोहोचलो.

गाव चकचकीत दिसत होतं. वाटेच्या कडेचे दगड पांढरे. कडुनिंबाचं खोड कमरेपर्यंत पांढरं, वर गेरूचा पट्टा. विहिरीचा कठडा पांढरा. आणि मशिदीमागे मल्लखांब, एक पट्टा गेरूचा, एक चुन्याचा, थेट टोकापर्यंत.

मास्तर जागच्या जागी उभे राहिले.

"धोंड्या, हे काय केलंस?"

"का? झ्याक दिसतंय की!" धोंडीरामच्या मिशीलाही चुना लागला होता. "चुन्यात सरस घातलाय, डिंकापरीस चिवट. पावसाळा आला तरी निघायचा न्हाई."

"अरं, त्याच्यावर पोरी चढणार! अंग सोलून निघंल त्यांचं!"

"तूच म्हणालास इन्स्पेक्शन हाय. बावीस वर्षं नोकरी केली, चुना न लावता इन्स्पेक्शन झाल्याचं दाखव मला एक तरी!"

मास्तरांनी विटेचा तुकडा उचलला. त्यांनीही तेवढीच वर्षं दगडांना चुना फासला होता.

दोघांनी विटेच्या तुकड्याने खरवडून पाहिलं. सरसाने काम चोख केलं होतं. खांब खरबरीत झाला, बाकी काही नाही. एवढ्यात मुबीना नावाची तेरा-चौदा वर्षांची मुलगी धावत आली. मास्तरांची ही सगळ्यांत तयार चेली. तिने खांब पाहिला, धोंडीरामची मिशी पाहिली आणि पोट धरून हसली. मग विहिरीकडे गेली आणि पोहऱ्याचा दोर सोडून घेऊन आली.

"मास्टरजी, रस्सी पे करते हैं."

मास्तरांचा चेहरा उजळला. दोरीचा मल्लखांब त्यांनी मुलींना थोडा शिकवला होता. धोंडीरामलाच निंबावर चढवून दोर बांधून घेतला. "चढ आता. तेवढीच शिक्षा तुला."

पण दोर होता विहिरीचा. जीप आली तेव्हा निंबाखाली गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. मॅडमना वाटलं, स्वागताला आल्या आहेत. त्यांनी नमस्कार केला.

"जल्दी करो री," पुढची म्हणाली, "पानी भरना है."

मुली एकामागून एक दोरावर गेल्या. मुबीनाने अंगठ्यात दोर धरला, दोन्ही हात सोडले आणि डोकं खाली करून पद्मासन घातलं. दोर गरगर फिरत होता. हंडेवाल्यांची कुरकुर थांबली. मॅडमचा चष्मा नाकावर घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

खेळ संपला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, आणि मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला.

"फारच सुंदर," त्या हिंदीत म्हणाल्या. "पण एक झाड आणि एक दोर एवढ्यावर हे होत असेल, तर सरकारने द्यायचं काय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फायलीकडे. सगळं हातातून गेलं असं वाटलं.

तेवढ्यात मुबीनाची आई असगरी हंडा कमरेवर घेऊन पुढे आली.

"मैडम जी, रस्सी तो मैं अभी ले जाऊँगी, कुएँ की है. और मास्टर को शाम की बस ले जाएगी. फिर छह दिन ये लड़कियाँ मेरे छप्पर की बल्ली पे लटकती हैं. पिछले महीने बल्ली टूट गई, नीचे भैंस बँधी थी. आप छप्पर मत दो. मास्टर को इधर रख दो बस."

"भैंस को लगी?" मॅडमनी विचारलं.

"ना जी. पर दो दिन दूध नहीं दिया, रूठ गई."

मॅडम इतक्या मोकळ्या हसलेल्या मी ऑफिसात कधी पाहिल्या नव्हत्या. परतताना मी त्यांच्या जीपमध्ये होतो. गुडगाव आल्यावर त्या म्हणाल्या, "शिक्षकाला राहायला त्या गावात खोली मिळेल का, तेवढं विचारून ठेवा."

हिवाळ्यात मंजुरी आली. मास्तरांनी पहाऱ्याचा गणवेश परत केला आणि संसार टेम्पोत घातला. "आता गावाकडं जाऊ म्हणत म्हणत मेवातात आणलं मला," असं द्वारकाबाई वाटभर सांगत होत्या, पण कुंड्या सगळ्या बरोबर घेतल्या होत्या. सामान उतरवायला मीही गेलो आणि रात्री तिथेच राहिलो.

पहाटे, धुकं असताना, दारावर थापा पडल्या. द्वारकाबाईंनी कडी काढली. बाहेर सतरा-अठरा मुली शाली गुंडाळून कुडकुडत उभ्या होत्या. मास्तर रजईत घोरत होते.

"उठा, मास्तर!" द्वारकाबाईंनी रजई ओढली. "तुमची पलटण आलीय. आणि ऐका, आज रविवार न्हाई, मंगळवार हाय!"