तात्यांची चाकाची फळी

तात्यांना राग येत नसे. तो त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये पाय ठेवला की ड्रायव्हरवर, गेटवर आलं की अंगठ्याच्या मशीनवर, कॅन्टीनमध्ये पोह्यांवर. "ह्यात शेंगदाणे टाकलेत का नुसते दाखवलेत रं?" असं ते वाढप्याला विचारायचे आणि तो हसत अजून एक डाव वाढायचा. त्यांच्या रागाचा राग कुणालाच येत नव्हता, कारण आपल्यापेक्षा खालच्या माणसावर तात्या कधी मनापासून चिडले नाहीत. त्यांचा खरा राग वर जायचा.

चाकणच्या त्या कंपनीत तात्या मेन्टेनन्सला फिटर होते. मूळचे मावळातले, राहायला देहूत. मी इम्पोर्टच्या कागदांच्या टेबलावर. माझे वडील माथाडी, आई दापोडीत चार घरची धुणीभांडी करायची. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगतो. तात्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "झ्याक केलंस. आता साहेब तुला इंग्रजीत झापतील." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी 'बीकॉम'.

आमचा शॉप, म्हणजे मशीनांची शेड, एवढा लांबलचक की एका टोकाला प्रेस बंद पडली तर दुसऱ्या टोकाला असलेल्या तात्यांना पाने-हातोड्यांची पिशवी खांद्यावर टाकून सगळं अंतर पायी कापावं लागे. साहेब लोकांना फिरायला बॅटरीची गाडी होती. तात्यांचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले. त्यांनी सायकल मागितली, मिळाली नाही. स्वतःची आणली, तर मेमो मिळाला: शॉपमध्ये सायकल व दुचाकी चालवण्यास मनाई आहे. प्लँटचे मोठे साहेब त्या बॅटरीच्या गाडीत बसल्याबसल्याच म्हणाले, "अहो तात्या, जवळच तर आहे!" तात्यांनी ते वाक्य जपून ठेवलं. पुढं कुठंही निघाले की पिशवी उचलून म्हणायचे, "चला, जवळच तर हाय."

मग मोबाइलवर ते ॲप आलं. मशीन बंद पडल्याची खबर आणि फिटर तिथं पोचल्याची वेळ, दोन्हीची नोंद त्यात व्हायची. उशीर झाला की नावापुढं लाल ठिपका. तात्या मशीन झटक्यात चालू करायचे, पण ॲपला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त पाय दिसायचे. लाल ठिपके वाढले तर स्क्रॅप यार्डात पाठवू, असं तात्यांना स्पष्ट सांगण्यात आलं. यार्डात मशीन नाही, नुसता भंगाराचा ढीग. "मशीनपासून तोडलं तर मी घरी बसून बायकोचा मिक्सर खोलत बसंन," ते मला म्हणाले. हसले नाहीत.

त्याच सुमाराला नव्या मशीनबरोबर एक परदेशी इंजिनिअर आला. त्यानं पेटीतून एक फळी काढली, खाली चार चाकं, बॅटरीवर चालणारी. हातात छोटा रिमोट धरून तो शॉपभर सुळकन फिरू लागला. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सेल्फी काढले. सेफ्टीचा माणूस तिथंच उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता! तात्या माझ्या टेबलाशी आले. "बीकॉम, मेमोत सायकल हाय, दुचाकी हाय. फळी कुठं हाय का?"

"नाही."

"मग मागीव. ही चारचाकी हाय."

निवृत्तीला आलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस आणि इलेक्ट्रिक स्केटबोर्ड! शॉपमध्ये ज्याला-त्याला विषय मिळाला. "तात्या, हेल्मेट घ्या, मिशा उडतील," कुणी म्हणायचं. "तुझ्या बापाला सांग उडायला," तात्या म्हणायचे. सरावासाठी त्यांनी स्टोअरमागं एका फळीला मोडक्या ट्रॉलीची चाकं लावली आणि दोनदा सपाटून आपटले. तिसऱ्यांदा उभे राहिले.

फळी त्यांच्या परदेशातल्या पुतण्यानं पाठवली. पोरगं गुणी, पण त्यानं हुशारी केली. काकाला कस्टमचा त्रास नको म्हणून खोक्यावर लिहिलं: खेळणं. झालं! खोकं मुंबईत अडकलं. बाहेरून येणाऱ्या खेळण्यावर आपल्याकडं मानकाचा शिक्का लागतो, आणि त्या फळीवर तो कुठून असणार? निव्वळ भलं करायला जाऊन त्यानं फळीच्या चाकाला खुट्टी मारून ठेवली.

आम्ही दोघं रजा टाकून मुंबईच्या त्या कस्टमच्या गोदामात गेलो. खिडकीपलीकडं एक मराठी अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त संताप होतो.

"काका, हे कुणासाठी मागवलं?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्म्यावरून तात्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खेळणं?"

"खेळायचं वय हाय का माझं? कामाला लागतंय. ह्याच्यावर उभं राहून मशीनपाशी जायचंय."

"म्हणजे वाहन. मग वाहनाच्या चाचणीचा दाखला लागेल."

"वाहन कसं? सीट न्हाई, हँडल न्हाई, हॉर्न न्हाई."

"मग खेळणं."

मी मध्ये पडलो. "सर, खेळाचं साहित्य म्हणून सोडता येईल ना?"

"येईल की. पाठवणाऱ्यानं चुकून खेळणं लिहिलं, असा त्याचा खुलासा आणा. आणि हा रिमोट रेडिओवर चालतो, त्याला वायरलेसची परवानगी लागेल. ती दिल्लीहून."

"एवढ्याशा रिमोटला दिल्ली?" तात्यांचा आवाज चढला. "घरी टीव्हीचा रिमोट हाय माझ्याकडं. रोज च्यानेल बदलतो. दिल्ली कधी विचाराया आली न्हाई!"

मागच्या रांगेतले हसले. अधिकारीही हसले आणि म्हणाले, "काका, मी नियम केले नाहीत." हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. शाळेच्या दाखल्यासाठी वडिलांबरोबर गेलो तेव्हाही खिडकीपलीकडून हेच ऐकलं होतं. नियम करणारा माणूस मला अजून एकदाही खिडकीत बसलेला दिसलेला नाही.

पुढं मी जंग जंग पछाडलं. पुतण्याचा खुलासा आला. फळीच्या कारखान्याला मी स्वतः इंग्रजीत मेल लिहिले, रिमोटच्या परवानगीसाठी त्यांच्या तपासणीचे कागद हवे होते. ते कधी आलेच नाहीत. त्यांना काय, त्यांची फळी विकली गेली होती. कुरिअरवाल्यांच्या फोनवर बाई रेकॉर्डमधून सांगायची की आपला कॉल महत्त्वाचा आहे. तात्या फोन स्पीकरवर ठेवून नट आवळत बसायचे. "बाई खोटं बोलती, पण किती गोड बोलती," म्हणायचे. आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाचं मशीन बंद पडायचं, ते पिशवी उचलायचे, ॲपवर लाल ठिपका पडायचा.

शेवटी मेसेज आला: मुदत संपल्यामुळे माल नष्ट करण्यात येईल. तात्यांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला, परत एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "तोडायला परवानगी लागत न्हाई वाटतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना स्क्रॅप यार्डात पाठवलं.

आणि मग ती पेटी आली. नव्या मशीनचे सुटे भाग, कागद माझ्याच टेबलावर. माल उतरवून घेताना मी उभा होतो. भागांच्या खाली तीन फळ्या! तशाच, चार चाकांच्या, रिमोटसकट. पाहुण्यांना प्लँट दाखवायला म्हणून मागवलेल्या. कागदावर एवढंच, की मशीनसोबतचं साहित्य. कुणी खेळणं म्हटलं नाही, कुणी वाहन म्हटलं नाही, कुणाला दिल्ली आठवली नाही. मी तणतणत आमच्या मॅनेजरकडं गेलो. तो म्हणाला, "अरे, सिस्टीममध्ये बसलं ना? मग तुझा प्रॉब्लेम काय?"

माझा प्रॉब्लेम यार्डात पत्र्याखाली बसून तांब्याच्या तारा सोलत होता. मी तिथं गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता भडका उडेल. तात्यांनी हातातली तार नीट गुंडाळली, बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा गप्प बघितलं.

मग निवृत्तीचा दिवस आला. आमच्याकडं रीत आहे: शाल, श्रीफळ, हार, मग ढोल-ताशा लावून सगळे त्या माणसाला गेटपर्यंत चालत सोडतात. साहेब लोकही. ज्याचा सत्कार, तो पुढं. त्याच्यापुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. भाषणं झाली. मोठ्या साहेबांना भारी कल्पना सुचली. त्यांनी एक फळी आणायला सांगितली. "तात्या, तुम्हाला हौस होती ना? होऊन जाऊ दे एक राउंड! मस्त व्हिडिओ काढू."

हौस. आजही तो शब्द आठवला की माझ्या कानशिलात आग होते.

तात्यांनी फळीकडं पाहिलं. पायानं हळूच बाजूला सारली. "नको साहेब. चालत जाऊ. जवळच तर हाय."

आणि ते निघाले. गेट डावीकडं होतं, तात्या उजवीकडं वळले. शॉपच्या पार त्या टोकाला. प्रत्येक मशीनपाशी थांबायचे, हात ठेवून नमस्कार करायचे, त्या मशीनवरच्या पोराला मिठी मारायचे, मग पुढं. गुडघे बोलत असणार, पण चेहऱ्यावर काही नाही. साहेबांचे कडक बूट, त्यात मे महिना आणि वर पत्रा. ढोलवाला दमून बदली मागायला लागला. सेफ्टीच्या माणसानं हळूच बॅटरीची गाडी बोलावली, तर ऑपरेटर वाटेत दाटीनं उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. पेंट शॉपपाशी मोठे साहेब घाम पुसत म्हणाले, "तात्या, अजून किती?"

"ह्ये काय, आलंच."

प्रेसपासून पेंटपर्यंत, पेंटपासून स्टोअरपर्यंत आणि तिथून भर उन्हात थेट स्क्रॅप यार्डापर्यंत त्यांनी सगळ्यांना नेलं. तिथंही नमस्कार केला. त्यानंतरच गेट. माझ्या हातात नारळ कोंबून ते म्हणाले, "बीकॉम, खिडकीत बसलास तर बाहेरच्याला उभं करू नको." आणि बसमध्ये चढताना ड्रायव्हरवर खेकसले.

दोन दिवसांनी मी फोन केला. विचारलं, "तात्या, गुडघे कसे आहेत?"

"सुजलेत की. बायको तेल लावून लावून शिव्या घालतीय." मग एकदम ताज्या आवाजात, "तुझ्या साहेबांचे बघून सांग रं."